दुसरा अध्याय, चौथं वचन

बायबलातलं याकोबाचं पत्र मला तोंडपाठ हाय. म्हंजी त्यातल्या दुसऱ्या अध्यायाचं पाचवं वचन आन् सहाव्याचा पहिला तुकडा. बाकीचं अजून बोट ठेवून वाचावं लागतं, आन् मधी कुणी बोललं की बोट कुठल्या ओळीवर व्हतं तेच इसरतो. आता ह्या वयात मी बोलतो आन् माझी भाची मोबाईलवर लिहून घेती. ती मधीच थांबून इचारती, "मामा, हे खरंच असं झालं, का तुम्ही रंगवताय?" मी म्हणतो, बाई, माझी फजिती रंगवायची गरज कधी पडलीच न्हाई. ती रंगूनच येती.

शिरूरला मार्केट यार्डाच्या मागं आमचं पत्र्याचं घर. आण्णा, म्हंजी आमचे वडील, यार्डात हमाल. आई एका दवाखान्यात आया. माझी थोरली बहीण करुणा, तिला मी अक्का म्हणायचो, बारावी शिकून बालवाडीत शिकवायला लागली व्हती. आन् मी दान्याल. आईसाठी दान्याल, बाकी गावासाठी दान्या. मी शाळा सोडली का शाळेनं मला, ह्यावर घरात दोन मतं व्हती, पण दुसरीच्या पुढं आमची गाठ पडली न्हाई हे सगळ्यांना मान्य व्हतं. मिसरूड फुटायच्या आत आण्णांच्या मागं पोती उचलायला लागलो. सकाळी लिलावाची ओरड, पोती आपटल्याचा धप धप आवाज, आन् अंगाला कांद्याचा वास असा चिकटलेला की साबणाची वडी संपली तरी वास संपायचा न्हाई. रविवारी चर्चमधी माझ्या शेजारी बसणारा माणूस डोळे पुसायचा आन् पाळकसाहेबांना वाटायचं, उपदेश लागला.

संध्याकाळी आई हुलग्याची शेंगोळी करायची. लसूण-मिरचीचा ठसका उठला की आण्णा खोकत बाहेर जायचे आन् खोकतच आत यायचे, ताट वाढलं का बघायला. जेवण झालं की प्रार्थना. आण्णा चौथीपर्यंत शिकलेले, ते अडखळत वाचायचे, अक्का हळूच शब्द पुढं करायची, आन् मी डोळे मिटून ऐकायचो. आमच्यात प्रार्थनेला डोळे मिटायची रीत हाय. त्या रितीचा घरात सगळ्यात जास्त फायदा मी घेतला. आमेनला जाग यायची.

अक्काला दोन ठिकाणं आली व्हती. दोन्ही ठिकाणी पोरगी पसंत पडली, आन् हमालाचं घर बघून माणसं चहा पिऊन गेली ती गेलीच. तिसरं ठिकाण दौंडचं. रेल्वेतनं रिटायर झालेले साळवेमामा, त्यांना सगळे गार्डसाहेब म्हणायचे. पोरगा प्रकाश, रेल्वेतच कारकून. अक्का संडेस्कूलच्या शिबिराला दौंडला गेली व्हती तिथं त्यानं तिला बघितलं, आन् तिनंबी त्याला बघितलं असावं, कारण आईनं इचारल्यावर अक्का पहिल्यांदाच "चालेल" म्हणली. आमच्या अक्काच्या तोंडून "चालेल" म्हंजी दुसऱ्या पोरीनं नाचल्यासारखं.

गार्डसाहेब शिरूरला आमच्या घरी आले तवा खुर्चीच्या टोकावर बसले, जशी काय गाडी आत्ता सुटणार हाय. म्हणले, "मुलगी बघण्याचा कार्यक्रम आम्ही करत नाही. पोहे खाऊन माणूस कळत नाही. आमच्याकडे रविवारी दुपारी शास्त्र-अभ्यास असतो. याकोबाचं पत्र चालू आहे, पुढच्या रविवारी दुसरा अध्याय. गोल बसतो, माझ्यापासून सुरू करतो, उजवीकडून एकेकानं एक वचन वाचायचं. पाहुणाही वाचतो. तुम्ही सगळे या. ज्या घरात शास्त्र वाचतात त्या घराशी मला सोयरीक करायचीय." मंग माझ्याकडं बघून आईला इचारलं, "हा वाचतो ना?"

आई म्हणली, "रोज."

मी आईकडं बघितलं. आई पत्र्याकडं बघत व्हती.

ते गेल्यावर अक्का कपाळाला हात लावून बसली. "मी येतच न्हाई," मी म्हणलो. "मला ताप आलाय असं सांगा." आई म्हणली, "एकुलता भाऊ आला न्हाई तर इचारणार न्हाईत व्हय? आलाच पायजे तू." अक्कानं मंग बालवाडीतल्या बाईसारखा हिशेब मांडला. गार्डसाहेब पहिलं वचन वाचणार. त्यांचा धाकटा भाऊ दुसरं. प्रकाश तिसरं. पाहुणे म्हणून आण्णांना प्रकाशशेजारी बसवतील, त्यांचं चौथं. मी आण्णांना चिकटून बसायचं, माझं पाचवं. बायका त्याच्या पुढं. "एकच वचन, दान्या. एवढं पाठ कर. माझ्यासाठी."

मी आठवडाभर पोतं पाठीवर घेऊन ते वचन म्हणत व्हतो. पुस्तकातले शब्द भारी हायेत, मी माझ्या तोंडाचं सांगतो: माझ्या भावांनो ऐका, जगाला जी माणसं गरीब दिसत्यात त्यांनाच देवानं निवडलं, विश्वासानं श्रीमंत व्हायला. ट्रकपासून वखारीपर्यंत एक फेरी, तेवढ्यात एक वचन. माझ्याबरोबरचा हमाल सुदाम, तो बौद्ध वस्तीतला, त्यानं ऐकून ऐकून माझ्या आधी पाठ केलं. म्हणला, "लेका, हे कुणी लिहिलं? यार्डात काम केलेला दिसतोय." त्याला पुढं अक्कानं त्याच पत्रातलं आणखी सांगितलं, मजुराची दाबून ठेवलेली मजुरी कशी वरडती ते, आन् तो दोन दिवस मुकादमाला बघितलं की तेच म्हणत हिंडला.

अक्का हुशार. ती म्हणली, खरा वाचणारा माणूस बरोबर वचन संपल्यावर थांबत न्हाई, जरासा पुढं घसरतो आन् "अरे हां" म्हणून थांबतो. म्हणून तिनं सहाव्याचा पहिला तुकडा जादा शिकवला. तो तुकडा असा: पण तुम्ही गरिबाचा अपमान केला. एवढं म्हणायचं, थांबायचं, "अरे हां, पुढं गेलो" म्हणायचं आन् बायबल शेजाऱ्याकडं द्यायचं. पान कुठलं ते तिनं मोरपीस घालून ठेवलं. बोट कसं सरकवायचं तेबी शिकवलं, कारण मी आधी डोळे मिटून म्हणायचो.

रविवारी शिरूरहून निघालो. चौफुल्याला गाडी बदलली, दौंडला उतरलो तवा आईच्या लुगड्याची घडीबी मोडली नव्हती, कारण ती सगळा रस्ता काठीसारखी ताठ बसली व्हती. आण्णांनी धुतलेला नेहरू शर्ट घातला व्हता. गार्डसाहेबांच्या घरी भिंतीकडंनं खुर्च्या मांडलेल्या, मधी सतरंजी. मागनं रेल्वेच्या यार्डात इंजिन शंटिंग करत व्हतं, डबा डब्याला धडकला की खिडकीचं तावदान वाजायचं. आन् सगळं अक्कानं सांगितल्यापरमाणं. गार्डसाहेब, मंग त्यांचा भाऊ, मंग प्रकाश, मंग आण्णांना खुर्ची. मी त्यांच्या पायाशी सतरंजीवर, चिकटून. पलीकडं बायका. मी मनात मोजलं. माझं पाचवं. पुन्हा मोजलं. पाचवंच.

पेटीवर गाणं झालं, प्रार्थना झाली. ह्या प्रार्थनेत मी झोपलो न्हाई. गार्डसाहेबांनी चष्मा लावला आन् पहिलं वचन वाचलं, देवाच्या माणसानं तोंड बघून माणसात भेद करू नये असं. मंग त्यांच्या भावानं दुसरं वाचायला घेतलं. त्यात असं हाय, की समजा तुमच्या सभेत एक माणूस आला, बोटात सोन्याची अंगठी, अंगात झकास कापडं; आन् एक गरीबबी आला, मळक्या कापडातला. ते वचन संपतंय तवर बाहेर जीप थांबली.

आत आले ते आप्पा. केडगावकडचे मोठे बागाईतदार, कारखान्यावर वजन असलेले. गार्डसाहेबांच्या धाकट्या पोराच्या नोकरीचं त्यांच्याकडं चाललेलं, हे मला नंतर कळलं. तवा मला फक्त त्यांच्या बोटातली अंगठी दिसली. देवाशप्पथ सांगतो, मला वाटलं हे अभ्यासाचाच भाग हाय, नाटकासारखं.

गार्डसाहेब ताडकन उभे राहिले. "या आप्पा, या, या!"

"आवं तुमचं भजन चाललंय, मी बाहेर थांबतो की," आप्पा म्हणले. माणूस सरळ व्हता.

"छे, छे. बाहेर कसं? इथं पंख्याखाली बसा." आन् गार्डसाहेबांनी इकडं तिकडं बघितलं. खुर्च्या सगळ्या भरलेल्या. त्यांची नजर आण्णांवर आली. "तुम्ही जरा... तिकडं खाली बसता का? दाराजवळ वारं चांगलं लागतं."

आण्णा उठले. हमालाला उठायची सवय असती. बायकांच्या मागनं जाऊन दाराशी, जिथं आम्ही सगळ्यांनी चपला काढल्या व्हत्या, तिथं मांडी घालून बसले. आप्पा खुर्चीवर टेकले. अक्कानं मान खाली घातली ती मला दिसली. खरं सांगायचं तर मी त्या टायमाला आण्णांचा इचारच केला न्हाई. मी मोजत व्हतो.

प्रकाशनं तिसरं वचन वाचलं. ते असं हाय, की तुम्ही भारी कापडांच्या माणसाला म्हणता इथं चांगल्या जागी बसा, आन् गरिबाला म्हणता तिकडं उभा राहा, न्हाईतर माझ्या पायापाशी बस. पहिल्या अर्ध्यात त्याचा आवाज चांगला व्हता. दुसऱ्या अर्ध्यात त्याला ठसका लागला. पाणी मागितलं न्हाई, तसंच संपवलं, आन् पुस्तकातनं डोकं वर काढलं न्हाई. खोलीत कुणीच कुणाकडं बघत नव्हतं. आप्पा तेवढे पंख्याकडं बघत व्हते.

गार्डसाहेबांनी वाचलेलं ऐकलं का न्हाई देव जाणे. पाळी पुढं गेली पायजे, एवढंच त्यांच्या अंगात मुरलेलं. "आप्पा पाहुणे आहेत, त्यांची पाळी सोडू," ते म्हणले. "दान्याल. चौथं."

चौथं.

मी मोरपिसाचं पान उघडलं. काळ्या मुंग्या. चौथी मुंगी कुठली, पाचवी कुठली, मला काय ठावं? आण्णांकडं बघितलं, ते लांब, चपलांपाशी. अक्काकडं बघितलं, तिनं डोळे मोठे करून मान हलवली, म्हंजी नको. मला वाटलं, ती म्हण म्हणती. घसा खाकरला, बोट ठेवलं आन् म्हणलं. जगाला जी गरीब दिसत्यात त्यांनाच देवानं निवडलं. बोट सरकवत, मोठ्या आवाजात, ट्रकपासून वखारीपर्यंत. आन् सवयीनं घसरलोबी: "पण तुम्ही गरिबाचा अपमान केला." थांबलो. "अरे हां, पुढं गेलो."

गार्डसाहेबांनी पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून पुन्हा बघितलं.

"चौथं म्हणालो मी," गार्डसाहेब म्हणले. आवाज बारीक झाला व्हता.

मला दुसरं काय येत व्हतं? मी पुन्हा तेच म्हणलं. जरा सावकाश. म्हणलं, ह्यांना नीट ऐकू आलं नसंल. "...पण तुम्ही गरिबाचा अपमान केला." ह्या येळंला "अरे हां" म्हणायचं राहूनच गेलं.

गार्डसाहेबांची मान गळ्यापासून लाल व्हत वर चढली. त्यांनी चष्मा काढला. "कुणी शिकवलं हे? माझ्या घरात बसून, माझ्याच पाहुण्यांसमोर मला सुनावतोस? चौथं सोडून मुद्दाम तेच, दोन दोनदा?" भाऊ खुर्चीतनं अर्धा उठला. आईनं पदर तोंडात कोंबला. आप्पांनी इचारलं, "काय झालं? काय म्हणला पोरगा?"

माझं डोकं तसं उशिरा चालतं, पण तवा चाललं. दोन रस्ते दिसले. गप बसलो तर मी हमालाचा उर्मट पोरगा, त्यांच्या घरात त्यांना शहाणपण शिकवणारा, सोयरीक मेली. खरं सांगितलं तर मी अडाणी आन् आई खोटारडी, सोयरीक मेली. दोन्हीकडनं अक्काच. मी आयुष्यभर जिथं अडकलो तिथं हसवून सुटलो. पोतं फाटलं, हसवलं. मार खाल्ला, हसवलं. तवा तोंडात एक गंमत आलीबी, आन् आण्णांकडं नजर गेली. ते चपलांच्या मधी बसून माझ्याकडं बघत व्हते. त्यांना राग नव्हता. त्यांना फक्त माझी काळजी व्हती. गंमत घशातच राहिली.

"मामा," मी म्हणलो, "मला वाचता येत न्हाई. एवढंच पाठ केलं व्हतं. पाचवं येणार व्हतं माझ्याकडं. खुर्ची बदलली."

गार्डसाहेबांनी सावकाश आईकडं मान वळवली. "तुम्ही रोज म्हणाला होता."

आण्णा उठायला लागले, गुडघ्यावर हात ठेवून, निघायचं म्हणून. तेवढ्यात अक्का उठली. बायकांतनं पुढं आली, माझ्या हातातनं बायबल घेतलं, आन् उभी राहूनच चौथं वचन वाचलं. त्यात इचारलंय: मंग तुम्ही आपसात भेद केला न्हाई का? वाईट मनानं न्याय करणारे झाला न्हाई का? बालवाडीतल्या पोरांना वाचून दाखवती तसं, स्पष्ट, न रागावता. प्रश्नावर आल्यावर तिनं मान वर केली आन् गार्डसाहेबांकडं बघितलं. उत्तर यावं म्हणून थांबावं, तशी थांबली. मंग बायबल घेऊन दाराशी गेली आन् आण्णांच्या शेजारी, चपलांपाशी बसली.

मागं इंजिनानं डबा ढकलला. तावदान वाजलं.

गार्डसाहेब जणू रुळावरनं उतरले व्हते, पण माणूस सवयीचा. कोरड्या तोंडानं म्हणले, "पाचवं."

प्रकाश खाली बघतच बोलला, "पाचवं झालंय पप्पा. दोनदा."

कुणी हसलं न्हाई. मला उचकी लागली. आप्पा म्हणले, "मी येतो पुन्हा कवातरी," आन् चहा न घेता गेले. जाताना दाराशी आण्णांपुढं वाकून चपला शोधल्या, "जरा चपला घेऊ द्या बाबा," म्हणले. खुर्ची रिकामी झाली, पण आण्णांना कुणी परत बोलावलं न्हाई, आन् बोलावलं असतं तरी अक्का उठली नसती. अध्याय शेवटपर्यंत वाचला गेला. आण्णांनी त्यांचं वचन दारातनं वाचलं, अडखळत, अक्कानं शब्द पुढं केले. निघताना गार्डसाहेब हात जोडून "कळवतो" म्हणले.

पुढचे दिवस तर इचारू नका. आईनं माझ्याशी बोलणं टाकलं, ताट वाढायची ते आपटून. एक दिवस शेंगोळीत मीठच नव्हतं, मीबी आळणी गिळली. अक्का बालवाडीत जायची, यायची. एकदाच मी म्हणलो, "अक्का, माझ्यामुळं..." ती म्हणली, "पाटी घे." आन् त्या संध्याकाळपासून तिनं मला अक्षरं शिकवायला घेतली, त्याच पानावरनं. त्यातला तिसरा अध्याय जिभेबद्दल हाय. जीभ एवढीशी, पण सगळं रान पेटवती. आई चुलीपाशी ऐकून पहिल्यांदा बोलली, "हे तुझ्यावरच लिहिलंय." आजबी मी ते पत्र वाचतो तवा वाटतं, ह्यो याकोब गोड बोलणारा माणूस न्हाई. मुकादमासारखा बोलतो, थोडक्यात आन् तोंडावर. पण मुकादम पोतं तुमच्या पाठीवर ठेवून बाजूला व्हतो. ह्यो माणूस आधी इचारतो, ह्याला खाली कुणी बसवलं?

नंतरच्या एका दुपारी गार्डसाहेब आले. बरोबर प्रकाश. आईची धांदल उडाली, खुर्ची पुसली. गार्डसाहेब खुर्चीकडं बघून उभेच राहिले. आण्णा यार्डातनं आले तसे, अंगावर कांद्याची फोलं. गार्डसाहेब म्हणले, "त्या दिवशी मी तुम्हाला..." आन् पुढं त्यांना येईना. एवढा वाचणारा माणूस, शब्द सापडंना.

"बसा हो," आण्णा म्हणले.

"तुम्ही बसा आधी."

आण्णा बसले, मंग ते बसले. बसल्यावर अक्काकडं वळून म्हणले, "पोरी, आमच्याकडून होकार आहे. तुझं तू सांग. मला आधी वाटलं होतं प्रश्न आम्ही विचारायचे."

मला वाटलं अक्का लगीच "चालेल" म्हणंल. ती म्हणली, "आण्णा तुमच्याकडं आले तर कुठं बसतील?"

आईनं "अगं!" केलं. प्रकाशनं बापाकडं बघितलं, आन् त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हा प्रश्न त्यानं घरी आधीच इचारलाय. गार्डसाहेबांनी आण्णांकडं बघितलं. मंग म्हणले, "माझ्या शेजारी. आणि मी चुकलो, तर तू पुन्हा वाचून दाखव."

"चालेल," अक्का म्हणली.

आई रडायला लागली, चहाला आधण ठेवता ठेवता. आण्णा खोकत बाहेर गेले. माझ्या छातीवरनं मोठं पोतं उतरलं, आन् पोतं उतरलं की माझी जीभ मोकळी सुटती. मी पुढं झालो, गार्डसाहेबांच्या हाती पाण्याचा तांब्या दिला आन् म्हणलो, "मामा, कायबी म्हणा, शेवटी माझ्याच वाचनानं काम झालं."

ते पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"वाचलं तिनं," ते म्हणले. "तू नुसता आवाज केलास."